माप भांड्याचं, मग माणसाचं

पोरी,

काल फोनवर तू म्हणालीस, "मामा, आई पुढच्या महिन्यात राहायला येतेय. कमोडची सीट हलते, एका बाजूनं चिरलीय. मोबाइलवरून एक मागवून टाकते." मी तुला थांब म्हटलं, ते यासाठी. पस्तीस वर्षं पुण्यात नळाची आणि बाथरूमची कामं केली. त्यातलं जे हाताला कळलं, ते तुझ्या कानात घालतो.

आधी एक जुनी गोष्ट. तुझ्या आजीच्या बाथरूममधली सीट उजवीकडचा नट ढिला झाल्यामुळे सरकत होती. आजी महिनाभर भिंतीला हात लावून बसत होती. तिचा मुलगा, म्हणजे मी, हेच काम करत होतो, पण मुलाला "माझी सीट हलते" असं सांगायचा तिला संकोच वाटला. एका पहाटे सीट सरकली, ती कलंडली आणि मनगट मोडलं. नट आवळायला मला दोन मिनिटं लागली असती. तेव्हापासून कोणाच्याही घरी कामाला गेलो की न सांगता आधी सीट हलवून बघायचो. या विषयावर घरात कोणी बोलत नाही, म्हणून तो कोणी नीट बघतही नाही. तू बघ.

जुन्या सीटचं माप घेऊ नकोस. लोक जुनी सीट पिशवीत घालून दुकानात नेतात आणि "अश्शीच द्या" म्हणतात. पण जुनी तरी बरोबर होती कशावरून? हाताला आली ती बसवून टाकलेली असते. सीट उचल आणि खालच्या बाजूच्या रबरी गुट्ट्या बघ. त्या भांड्याच्या काठावर पूर्ण टेकायला हव्यात. एखादी अर्धी बाहेर लोंबत असेल, तर तुझी जुनी सीटच चुकीची होती आणि चिरली त्याचं कारणही बहुधा तेच. माप नेहमी भांड्याचं घ्यावं.

मापं चार. सीट काढून ठेव, काठ पुसून कोरडा कर आणि स्टीलचा टेप घे. शिवणकामाचा नको, तो वाकतो.

पहिलं माप मागच्या दोन भोकांमधल्या अंतराचं, मध्यापासून मध्यापर्यंत. भोकाचा मध्य डोळ्यानं धरता येत नाही, म्हणून युक्ती सांगतो. डाव्या भोकाच्या डाव्या कडेपासून उजव्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोज. भोकं सारख्या आकाराची असली की हे अंतर मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराइतकंच येतं. बहुतेक भांड्यांत ते साडेपाच ते साडेसहा इंचांच्या दरम्यान सापडेल. मिलिमीटरमध्येही लिहून ठेव, कारण डब्यावर तेच छापलेलं असतं. साडेपाच इंच म्हणजे साधारण १४० मिलिमीटर. आम्ही मिस्त्री लोक इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतो. बिजागरी दोन-तीन सूत इकडेतिकडे सरकवता येते, त्याहून जास्त फरक असेल तर ती सीट घेऊ नकोस.

दुसरं माप लांबीचं. दोन्ही भोकांच्या मध्यांवर एक काठी आडवी ठेव आणि तिच्यापासून समोरच्या काठाच्या अगदी टोकापर्यंत मोज. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक टाकीपासून मोजतात. गोल भांडं साधारण साडेसोळा इंच भरतं, लांबट साडेअठराच्या आसपास. आपल्याकडे यांच्या मधलीही पुष्कळ आहेत, म्हणून गोल-लांबट या शब्दांवर न जाता आकडा धर. तिसरं माप रुंदीचं, भांडं जिथे सगळ्यात रुंद असेल तिथे, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत.

चौथं माप भोकांपासून मागच्या टाकीपर्यंतचं किंवा भिंतीपर्यंतचं. झाकण उघडल्यावर ते मागे थोडं रेलून उभं राहायला हवं. जागा कमी पडली तर झाकण सरळ उभं राहतं आणि माणूस बसलेला असताना पाठीवर पडतं. म्हाताऱ्या माणसाला तेवढा दचकाही पुरतो.

कागद खोटं बोलत नाही. आकडे लिहून झाले की वर्तमानपत्राचं अख्खं पान भांड्यावर पसर. काठावरून तळहात दाबत फिरव म्हणजे कागदावर कड उमटते. तिच्यावरून पेन्सिल ओढ. भोकांच्या जागी पेन्सिलीनंच भोसक. मग कात्रीनं काप. भांडं गोल आहे, अंड्यासारखं आहे, की मागे सरळ आणि पुढे गोल अशा इंग्रजी डीसारखं, हे त्या कागदात येतं. चारही आकडे जुळूनसुद्धा डीच्या आकाराच्या भांड्यावर अंडाकृती सीट बसवली तर कोपरे उघडे पडतात. पुण्याच्या बोहरी आळीतल्या कुठल्याही दुकानात हा कागद सीटवर ठेवून बघितलास, तर दुकानदारही तुझ्याशी नीट बोलायला लागतो. आणि दुकानात "सीट कव्हर" म्हण, सीट आणि झाकण मिळून तेच नाव चालतं. भांड्यावर कंपनीची छाप असते, हिंदवेअर, पॅरीवेअर, सेरा, जॅग्वार, जी असेल ती. तिचा फोटो काढून ने. त्याच मॉडेलची सीट मिळाली तर शोध तिथेच संपला. भांडं पाय ठेवून बसायच्या रुंद काठाचं, म्हणजे अँग्लो-इंडियन असेल, तर तसं सांग. त्याची सीट वेगळी येते.

खाली हात घालून बघ. भोकांच्या खालून तुझी बोटं नटापर्यंत पोचतात का? पोचत असतील तर खालून आवळायची सीट घे. तुमच्या नव्या इमारतींत भिंतीला टांगलेली भांडी असतात, काहींच्या बाजू पूर्ण बंद असतात. तिथे खालून हात जात नाही. त्यांना वरून कसायची सीट लागते. भोकात रबराची गुट्टी जाते आणि वरून स्क्रू फिरवला की ती फुगून घट्ट बसते. हे न बघता सीट आणली तर ती परत करायची फेरी ठरलेली.

वाजवून घे. पाटावर ठेवून बोटाच्या पेरानं वाजव. बद्द आवाज आला, हातानं पिळल्यावर थोडी वाकली आणि वजनाला हलकी लागली, तर ती पॉलिप्रॉपिलीनची. स्वस्त असते, पडली तर सहसा फुटत नाही, पण चरे पडतात आणि जड माणूस बसला की दबते. चिनी मातीच्या बशीसारखा खणखणीत आवाज आला आणि हाताला जड लागली, तर ती युरिया फॉर्मल्डिहाइडची. जुन्या घरांतली पांढरी विजेची बटणं ज्या जातीची, त्याच जातीचं हे प्लास्टिक. एकदा साच्यात पक्कं झालं की गरम करून पुन्हा वितळत नाही. चरे कमी पडतात, चकाकी टिकते, पण फरशीवर आपटली तर तडा जातो. प्लास्टिकच्या सीट-झाकणांसाठी आयएस २५४८ हे भारतीय मानक आहे. त्याचेही या दोन जातींप्रमाणे दोन भाग आहेत. ताईसाठी, म्हणजे तुझ्या आईसाठी, जड जातीची घे, बसल्यावर ती डगमगत नाही. लाकडाची किंवा भुशाच्या दाबपट्टीची मात्र घेऊ नकोस. आपल्याकडे जेट स्प्रेचं पाणी रोज उडतं, लाकूड फुगतं.

हळू मिटणारी असेल तर घरात सगळ्यांना सांग. तिच्या बिजागरीत दाट ग्रीस भरलेला डँपर असतो. तो झाकण सावकाश खाली उतरवतो. कोणी घाईनं हातानं दाबलं की तो बिघडतो आणि पुढे झाकण धाडकन पडायला लागतं. सोडून द्यायचं, ते आपोआप मिटतं.

बिजागरी स्टेनलेस स्टीलची बघ. बटण दाबून सीट उचलून काढता येणारी मिळाली तर घेच, खालची घाण तेव्हाच निघते. ॲसिड वापरत असाल तर सीट वर करून ठेवा आणि पाणी ओतून लगेच सोडा. ॲसिडच्या वाफेनं बिजागरी गंजते. सीटला भांडी घासायचा साबण आणि मऊ फडकं पुरतं.

आता माणसाचं माप. ताईचे गुडघे तुला माहीत आहेत. ती ज्या खुर्चीवरून हात न टेकता उठते, त्या खुर्चीची जमिनीपासूनची उंची मोज. मग कमोडची सीटसकट उंची मोज. दोहोंतला फरक तिच्या गुडघ्यांवर रोज पडतो. फरक दोन-तीन इंचांचा असेल तर उंचवटा असलेली सीट मिळते, पण ती काठाला पक्की आवळता येणारीच घे, नुसती वर ठेवायची नको. आणि बसल्यावर तिचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पाय लोंबकळले तर उंची जास्त झाली. भिंतीत पक्का दांडा बसवून घे. टॉवेलचा दांडा धरून तिला उठू देऊ नकोस, तो माणसाच्या वजनासाठी नसतो.

आणखी एक. तिला मोतीबिंदू आहे. पांढरी फरशी, पांढरं भांडं, त्यावर पांढरी सीट, यात काठ कुठे संपतो ते अंधुक डोळ्यांना कळत नाही. निळी किंवा गडद रंगाची सीट घे. शोभेला कशीही दिसो, तिला दिसली पाहिजे.

काढताना आणि बसवताना. जुना नट गंजला असेल तर रात्री तेल सोडून ठेव. सकाळीही हलला नाही तर जोर करू नकोस. काठावर दोन पदर चिकटपट्टी लाव आणि आरीच्या पानानं बोल्ट काप. नवी बसवताना धातू आणि चिनी माती यांच्यामध्ये रबराचा वायसर हवाच. नट हातानं आवळ, मग पान्यानं पाव फेरा, बस. पुढे जोर लावलास तर भांड्याला तडा जाईल आणि सीटच्या कामाचं भांडं बदलायचं काम होईल. आठ दिवसांनी पुन्हा हात लावून बघ. रबर दबतं आणि नट थोडा सैल होतो. आजीच्या घरी मी हेच केलं नव्हतं.

बसवून झाली की आधी तू बस. डावीकडे झुक, उजवीकडे झुक, एका हातावर भार देऊन उठ. कुठेही सरकली नाही तरच काम झालं.

आणि ताईला "तुझ्यासाठी बदलली" असं सांगू नकोस, ती ओशाळेल. जुनी चिरली होती, तेवढंच सांग. मग चार दिवसांनी, ती भाजी निवडत असताना, सहज विचार, "आई, सीट हलत नाही ना गं?" तू विचारलंस म्हणजे तिला सांगायला सोपं जाईल.

तुझा,
मामा