कानातलं मागून बघ

कोल्हापूर

चि. ऋतुजास,


सांगलीचं तुझं दुकान दसऱ्याला उघडतंय आणि सोन्याबरोबर खोटी कानातलीही ठेवणार आहेस, हे दादाकडून कळलं. बरं वाटलं. डिझाइन, रंग, चालू फॅशन हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यात मी तोंड घालत नाही. गुजरीतल्या सराफी पेढीत काउंटरमागं मी इतकी वर्षं काढली ती कानातल्याची पाठ बघण्यात. गिऱ्हाईक पुढून बघून घेतं, आपण मागून बघून विकायचं असतं.

माल घेताना प्रत्येक डाग उलटा कर. दांडी फुलाला कुठं जोडलीय, डाख नीट बसलाय का, नखानं दाबल्यावर हलते का, हे आधी. मग फिरकी. चार-पाच फेरे घेऊन घट्ट बसते ती चांगली. एका फेऱ्यात बसणारी फिरकी रिक्षात नाहीतर लग्नाच्या हॉलमध्ये पडणार आणि शिव्या तुला बसणार. हातानं आटे पाडलेल्या जोडात डाव्याची फिरकी उजव्याला लागेलच असं नसतं, म्हणून जोड दाखवून झाला की ज्याची फिरकी त्यालाच लावून ट्रेमध्ये ठेवायची सवय पोरींना लाव. घाईत फिरक्यांचा ढीग करतात आणि मग जबरदस्तीनं फिरवून आटे मारून टाकतात.

दागिन्याच्या आधी कान बघ. साठीची एखादी बाई येईल, झुमके मागेल. तिच्या पाळीचं भोक बहुधा गोल राहिलेलं नसतं. ते ओघळून उभी चीर झालेली असते आणि खाली पाळी जेमतेम दोऱ्याएवढी उरलेली. ‘हे तुम्हाला जड होईल’ असं तिला तोंडावर सांगू नकोस. ती दुखावते आणि पलीकडच्या दुकानातून त्याहून जड घेते. आरसा पुढं कर, झुमका घालू दे, मान हलवायला सांग. दांडी झुकते, वरचं फूल जमिनीकडे बघायला लागतं, ते तिचं तिला दिसतं. मग मोत्याचे वेल काढ. वेल कानावरून नेऊन केसांत अडकवला की पाळीवरचा भार कमी होतो. आपल्या आज्या-पणज्या तो नुसत्या शोभेला घालत नव्हत्या. वेल नको असेल तर मागं रुंद चकतीची फिरकी दे. पाळी फाटलीच असेल, तर त्या दिवशीची विक्री सोड आणि डॉक्टरकडून टाके घालून घ्यायला सांग. घरच्यांचं ती ऐकत नाही, सोनारानंच कान टोचावे लागतात.

खरोखरचे कान टोचायचं काम घेणार असशील तर एवढं ध्यानात ठेव. पाळी भरून यायला दीड-दोन महिने लागतात. बुगडीसाठी वरचा कान टोचून मागणाऱ्या मुली येतील, पण तिथं कूर्चा असते, ती भरायला सहा महिने, कधी वर्षही जातं. तिथं गन लावायची नाही.

आता शिक्का, तोही मागंच असतो. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याचा दागिना विकताना त्यावर बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरेटला २२के९१६) आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी लागतो. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर गिऱ्हाइकासमोरच घालून दाखव. पण गोम पुढंच आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला ही सक्ती नाही, आणि बाळाची सुंकली, बारीक टॉप्स, शाळकरी मुलींच्या बाळ्या सगळ्या त्याच वजनात बसतात. म्हणजे तुझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपणाऱ्या मालावर शिक्का नसण्याचीच शक्यता. लबाडीही तिथंच होते. तुझं बिल हाच तिथं शिक्का समज. कॅरेट, नक्त वजन, घडणावळ, तीन टक्के जीएसटी, सगळं सुटं लिही.

नक्त वजनावर मी अडून बसते. मोत्याच्या कुड्यांचा जोड ८ ग्रॅम २०० मिली भरला आणि मोती-खडे १ ग्रॅम ६०० मिली असले, तर सोन्याचे पैसे ६ ग्रॅम ६०० मिलीचेच. मोत्यांचा भाव निराळा लाव. पोकळ झुमक्यात लाख भरलेली असेल तर तीही आधी सांग. नाहीतर दहा वर्षांनी बाई तो मोडायला आणते, तापवल्यावर लाख वितळून बाहेर येते, काट्यावरचा आकडा उतरतो आणि तिच्या नजरेत आपण चोर ठरतो. मोडीत घडणावळ परत मिळत नाही, हेही विकतानाच बोलून टाक. कुड्या विकशील तेव्हा अत्तर लावून झाल्यावर त्या घालायच्या आणि वापरल्यावर मऊ फडक्यानं पुसायच्या, हे सांगायला विसरू नकोस. मोती नाजूक असतो, अत्तरानं, घामानं मंद पडतो.

खोट्या कानातल्यांत माझा राग निकेलवर आहे. पाळीला खाज, पाणी, मग खपली, आणि ॲलर्जी एकदा धरली की बहुधा जन्माची. युरोपीय संघात टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीतून दर आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागं ०.२ मायक्रोग्रॅमहून कमीच निकेल सुटलं पाहिजे, असा नियम आहे. तू पुरवठादाराला निदान विचार तरी, दांडी कशाची आहे म्हणून. ‘गोल्ड प्लेटेड आहे’ हे उत्तर नव्हे, मुलामा उडाला की खालचा धातू कानाला लागतोच. फूल पितळेचं असलं तरी चालेल, दांडी टायटॅनियमची माग. चार पैसे जास्त पडतील, पण ती मुलगी मैत्रिणींना घेऊन परत येईल.

लग्नसराईत भिकबाळी मागणारी पोरं येतील. बहुतेकांचे कान टोचलेले नसतात, त्यांच्यासाठी दाबाच्या ठेव. हसू मात्र नकोस, ती गिऱ्हाइकं घासाघीस करत नाहीत.

येत्या रविवारी पेढी बंद आहे. पुरवठादारानं दिलेले नमुने घेऊन ये, भिंग माझ्याकडे आहे. वजनकाटा मात्र माझा जुना मागू नकोस, वैधमापन खात्याचा शिक्का असलेला नवाच घे.

तुझी,
आत्या