गारा, सौर पॅनेल्स आणि आपला विमा

मार्च २०२४ मध्ये टेक्ससच्या फोर्ट बेंड कौंटीत गारपिटीने एका मोठ्या सौरप्रकल्पाचे बरेच नुकसान झाले. पॅनेलची नेहमीची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फगोळ्याने होते. गारा याहून मोठ्याही पडतात. प्रकल्पांत पॅनेल्स तिरपी फिरवून मारा चुकवता येतो. आपल्या छपरावरची फिरत नाहीत. तेव्हा आधार विम्याचा.

मी माझी पॉलिसी वाचली. गारांसाठी डिडक्टिबल २ टक्के. पण नुकसानीच्या नव्हे, घराच्या विमारकमेच्या! म्हणजे ४ लाख डॉलर्सवर पहिले ८ हजार आपल्या खिशातून.

आपणही पॉलिसी तपासा, पॅनेल्स त्यात येतात का हे लेखी विचारा, आणि आजच फोटो काढून ठेवा. फुटलेल्या पॅनेलला मात्र हात लावू नका; त्यात वीज असते.