शिवराई नाणे आणि इतिहासाचा पाठ

इतिहासाचा पाठ बहुधा पुस्तकात सुरू होतो आणि पुस्तकातच संपतो. राज्याभिषेक १६७४ साली झाला, हे विद्यार्थी घोकतात. परंतु त्या राज्यात बाजारहाट कोणत्या नाण्याने होत असे, हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही. तो यावा म्हणून तांब्याची एक शिवराई पुरेशी आहे. खेड्यातील कित्येक देव्हाऱ्यांत ती आजही असते.

नाणे वर्गात आल्यावर शिक्षकांनी प्रथम काहीच सांगू नये. नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच आडवी फिरविली असता अक्षरे उमटतात. एका नाण्यावरून प्रत्येक मुलाच्या हाती ठसा देता येतो. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. मात्र ती क्वचितच पूर्ण दिसतात. असे का, हे मुलांनाच शोधू द्यावे. तांब्याचा तुकडा लहान, ठसा मोठा आणि घाव हातोड्याचा; म्हणून कडेची अक्षरे सुटली, एवढा उलगडा चौकस मूल स्वतः करते. मग मोगल व आदिलशाही नाण्यांवर फारसी मजकूर असताना येथे देवनागरी का, असे विचारावे. तास त्यातच जाईल, आणि सत्कारणी लागेल.

हे नाणे खुद्द महाराजांच्या काळातलेच, असे उत्साहाच्या भरात सांगण्याचा मोह मात्र आवरावा. १६८० नंतर, पेशवाईतही, त्याच नावाने शिवराई पाडली जात होती आणि १८१८ नंतरही ती बाजारात चाले. 'छत्र' व 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई उत्तरकालीन होय. नाण्यावरचे नाव एकाचे व ते पाडणारा दुसरा असू शकतो, हे दहा वर्षांच्या मुलास उमगले, तर सनावळीची चार पाने राहिली तरी चालतील.

नाणे चिंचेने घासू देऊ नये. चकाकी येते, पण झिजलेली अक्षरे आणखी पुसट होतात. जुने तांबे मोडीत घालणाऱ्या घरी मुलांकरवी निरोप धाडावा. नाणे त्याच दिवशी घरी परत जावे. ठसा, नाणे कोठे मिळाले या नोंदीसह, शाळेच्या वहीत राहावा. नांगरताना नाण्यांचे गाडगे निघाले, तर ते शाळेत आणवू नये. निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे, हे शिक्षकांनी त्या शेतकऱ्यास वेळीच सांगावे.