मेरुद्रवाची साक्ष

मेंदू व मज्जारज्जु हीं दोन्ही आपल्या शरीरांत एका नितळ द्रवानें वेढलेलीं असतात. त्यास आपण मेरुद्रव म्हणूं. प्रौढ मनुष्याच्या ठायीं तो सुमारें १५० घनसेंटिमीटर असतो. पण रोज सुमारें ५०० घनसेंटिमीटर नवा द्रव तयार होतो व जुना रक्तांत शोषला जातो. अर्थात् हें सांचलेलें डबकें नसून वाहता ओढा आहे. आणि ओढ्याकांठच्या झाडाचें बीं जसें वाहत जाऊन दूर रुजतें, तसाच प्रकार येथेंही घडूं शकतो.

मुलांच्या डोक्याच्या मागील भागीं असलेल्या लहान मेंदूंत कधीं कधीं एक घातक गांठ उद्भवते. बेली व कुशिंग यांनीं १९२५ सालीं तिला मेड्युलोब्लास्टोमा असें नांव दिलें. तिच्या पेशी सुटून द्रवाबरोबर वाहतात व पाठीच्या कण्यांत नव्या गांठी धरतात. म्हणून मूळ गांठ काढल्यावरही ओढ्याचें पाणी तपासावें लागतें.

तें काढण्याची रीत क्विंके या जर्मन वैद्यानें १८९१ सालीं प्रसिद्ध केली. कमरेच्या दोन मणक्यांमधून पोकळ सुई घालून थोडा द्रव घ्यावयाचा. या सुईनें मूल पांगळें होईल, अशी धास्ती कित्येक आईबापांस वाटते. परंतु मज्जारज्जु वरच संपतो. सुई त्याच्या खालीं शिरते. खरा धोका निराळाच आहे. गांठीमुळें कवटींत दाब वाढलेला असतां खालून द्रव काढला, तर मेंदू खालीं ओढला जाऊन प्राणावर बेततें. यास्तव आधीं मेंदूचें चित्र घेतात.

निरोगी द्रवांत पेशी अगदींच थोड्या. नमुना यंत्रांत गरगर फिरवून पेशी कांचेवर उतरवतात व रंगवतात. गांठीच्या पेशी लहान, गर्द निळ्या व बहुधा झुबक्यांनीं दिसतात. शरीराबाहेर त्या लवकर नासतात, म्हणून नमुना पोंचविण्यांत दिरंगाई चालत नाहीं.

पेशी आढळल्या, तर तीन वर्षांवरील मुलाच्या मेंदूवर व कण्यावर द्यावयाच्या किरणांची मात्रा साधारणतः २३.४ ग्रेवरून ३६ ग्रेवर जाते. आणि याच किरणांनीं मुलाची वाढ व शिक्षण खुंटतें. शस्त्रक्रियेनंतर लगेच द्रव घेतल्यास हत्यारानें ढवळलेल्या पेशी सांपडून फसगत होते. म्हणून सुमारें दोन आठवडे थांबतात. उलटपक्षीं, पेशी न सांपडल्या म्हणजे त्या नाहींतच असें नव्हे. तांब्याभर पाण्यांत बीं आलें नाहीं, एवढ्यावरून ओढा निर्बीज कसा ठरवावा? याकरितां कण्याचेंही चित्र घेतात, आणि शंका उरल्यास पुन्हा एकदां सुई घालावी लागते.