टर्बो बदलण्याआधी

चि. भाच्यास,


जव्हारच्या गॅरेजात कामाला लागलास, आनंद वाटला. तिथे एक तक्रार तुला वारंवार ऐकायला मिळेल. मोखाड्याहून त्र्यंबककडे निघालेला भरलेला ट्रक तोरंगण घाटात ओढत नाही, मागे काळा धूर सोडतो आणि ड्रायव्हर येऊन सांगतो, "टर्बो गेला." पुष्कळदा टर्बो धडधाकट असतो.

कुणी उंचीला दोष देतं. जव्हार समुद्रसपाटीपासून ४५० मीटरच्या आसपास; तिथे हवेचा दाब जेमतेम ५ टक्के कमी. टर्बोच्या गाडीला तेवढ्याने काही होत नाही. सॅनफर्ड मॉस या अमेरिकी इंजिनिअरने १९१८ मध्ये पाइक्स पीकवर, १४,००० फुटांवर, टर्बो लावलेलं विमानाचं इंजिन चालवून दाखवलं होतं.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. ती कुठे हरवते ते आधी शोध. एअर फिल्टर काढून बघ. उन्हाळ्यात तिकडच्या लाल धुळीने तो लवकर चोंदतो. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंतचे होज हाताने दाबत जा. चीर बहुधा क्लॅम्पच्या खाली लपलेली असते आणि लोडवरच उघडते, म्हणून उभ्या गाडीत दिसत नाही. पाइप बंद करून बेताने हवा भर आणि साबणाचं पाणी लाव. बुडबुडा जिथे येईल तिथे दुखणं.

पुढचं ठिकाण एक्झॉस्ट ब्रेकचं. घाट उतरताना तो सतत वापरला जातो. काजळीने त्याची धूर अडवणारी पाकळी अर्धवट मिटलेली राहिली, तर चढावर धूर बाहेर पडायला पुरेशी वाट उरत नाही, इंजिन तापतं. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर लिव्हर हाताने हलवून बघ. पाकळी पूर्ण उघडलीच पाहिजे.

टर्बोकडे यानंतर वळायचं. निळा धूर, पाइपात ऑइल, पात्यांची घराला घासल्याची खूण, शाफ्टला पुढेमागे जाणवणारा प्ले, हे दिसलं तर तो खरंच गेला. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्यामुळे नवा बसवताना ऑइलचे दोन्ही पाइप साफ नसतील, तर तोही जाईल. घाट चढून आलेली गाडी दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवूनच बंद करायला ड्रायव्हरला सांग.

बीएस-६ गाडीत आणखी एक गुंता आहे. होज फाटला की काजळी वाढते आणि ती डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचते. ती जाळायला साधारण ६०० अंश उष्णता लागते. बाजारातल्या छोट्या फेऱ्यांत ती मिळत नाही. स्कॅनरवर डीपीएफचा दाब जास्त दिसला, तर आधी सेन्सरच्या दोन बारीक नळ्या तपास आणि होजमधली गळती बंद कर. नुसता डीपीएफ साफ केलास, तर तो पुन्हा भरेल.

"डीपीएफ काढूनच टाक," असं सांगणारा मालक भेटेल. त्याला स्पष्ट नाही म्हण. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेला बीएस-६ चा नियम तसं केल्याने मोडतो आणि ती काजळी जव्हारच्या रस्त्याने आश्रमशाळेत चालत जाणाऱ्या पोरांच्या छातीत जाते.

तुझा,
मामा