वृत्तालेख : आकडे तेच, चित्र वेगळे



आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात व्हरांड्यात दोन तक्ते शेजारी शेजारी लागले होते. दोन्ही नववीच्या मुलांचे आणि विषयही एकच : बेळगाव जिल्ह्यातील लोकांच्या मातृभाषा, जनगणना २०११. पूर्णांकात आकडे असे होते : कन्नड ६८ टक्के, मराठी १९, उर्दू १० आणि इतर ३. एका तक्त्यावरच्या वर्तुळात मराठीची पाकळी डावीकडे वर होती, तर दुसऱ्यावर ती तळाशी होती. एक पालक बराच वेळ दोन्हीकडे पाहत उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "सर, यातला बरोबर कुठला?"

दोन्ही बरोबर होते. पण त्यांच्या प्रश्नात जी शंका होती, ती चुकीची नव्हती. म्हणून हा लेख.

वृत्तालेख तुम्ही वहीत कंपासपेटी घेऊन काढलेला आहे. (माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे पुस्तकात 'वृत्त आलेख' असे दोन शब्द असत, मराठीने त्यांची संधी केली.) एकूण ३६० अंश, म्हणून एका टक्क्याला ३.६ अंश. कन्नडला २४४.८ अंश, मराठीला ६८.४, उर्दूला ३६ आणि इतरांना १०.८. हे गणित संगणक न चुकता करतो. पण पहिली पाकळी कुठून सुरू करायची, कोणत्या दिशेने जायचे, रंग कोणते भरायचे, हे गणितात कुठेच नसते. ते कुणीतरी ठरवावे लागते. आपण ठरवले नाही, तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

त्या दोन तक्त्यांत नेमके हेच झाले होते. एका विद्यार्थ्याने एक्सेल वापरले होते. एक्सेल घड्याळाच्या बाराच्या ठिकाणाहून सुरुवात करून काट्याच्या दिशेने जाते. दुसऱ्या मुलीने 'आर' हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर वापरले होते. ते तीनच्या ठिकाणाहून निघते आणि काट्याच्या उलट दिशेने जाते. भूमितीत कोन मोजण्याची हीच रीत आहे, म्हणून गणितज्ञांना ते सोयीचे वाटले असावे. हे 'आर' न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी सुरू केले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. ते फुकट मिळते, जुन्या संगणकावरही चालते आणि आपल्यासारख्या शाळेला परवडते. म्हणून पुढची माहिती मुख्यतः त्याच्याच आधाराने देतो. आज्ञांची नावे इथे देवनागरीत छापली आहेत, टाईप मात्र इंग्रजी लहान अक्षरांतच करायची.

'पाय' ही आज्ञा देऊन कंसात आकडे दिले की वर्तुळ तयार होते. त्याच कंसात स्वल्पविराम देऊन बाकीच्या सूचना लिहायच्या. 'क्लॉकवाइज' ही सूचना 'ट्रू' केली की सुरुवात बाराच्या ठिकाणी येते आणि दिशा घड्याळाची होते. घड्याळ सगळ्यांच्या ओळखीचे आहे, म्हणून मी मुलांना नेहमी हेच करायला सांगतो. मग सर्वांत मोठा आकडा पहिला आणि 'इतर' शेवटी. 'इनिट डॉट अँगल' या सूचनेने सुरुवातीचा कोन हवा तसा बदलता येतो, पण त्याची गरज सहसा पडत नाही.

नावे देण्यासाठी 'लेबल्स'. इथे नुसते 'मराठी' न लिहिता 'मराठी १९' असे लिहावे. बाजूला रंगांची सूची दिली की वाचणाऱ्याची नजर पाकळीवरून सूचीकडे आणि सूचीवरून पाकळीकडे अशा खेपा घालत राहते. लांब नावे कागदाबाहेर जात असतील, तर 'रेडियस' कमी करावा. तो मुळात ०.८ असतो, ०.६ केला की जागा होते. देवनागरी नावांची आणखी एक अडचण आहे. पडद्यावर नीट दिसणारी अक्षरे साध्या पीडीएफ फाईलमध्ये ठिपके होऊन येतात. फाईल 'कैरो पीडीएफ' या आज्ञेने काढली आणि संगणकात देवनागरी फाँट असला की हा त्रास जातो. आमचे दोन दिवस यातच गेले होते, तुमचे जाऊ नयेत.

आता रंग. इथे चूक माझी आहे, ती आधी सांगतो. मागे याच वार्तापत्रात मी एक वृत्तालेख छापला होता. पडद्यावर तो फार सुरेख दिसत होता. पण आपले वार्तापत्र काळ्या शाईत निघते आणि पुढे त्याच्या झेरॉक्स निघतात. छापून आल्यावर फिकट निळी, फिकट गुलाबी आणि जांभळट या तिन्ही पाकळ्या एकाच राखाडी रंगाच्या झाल्या. 'आर'चे ठरलेले सहा रंग असेच फिकट आहेत आणि त्यातला पहिला तर पांढराच आहे. यावर उपाय त्याच आज्ञेत आहे, मलाच तेव्हा ठाऊक नव्हता. 'डेन्सिटी' म्हणजे एका इंचात किती रेघा आणि 'अँगल' म्हणजे त्या किती तिरप्या. कन्नडला १० आणि ४५ अंश, मराठीला ३० आणि १३५ अंश, उर्दूला २० आणि शून्य अंश दिले. इतरांना डेन्सिटी शून्य दिली की ती पाकळी कोरी राहते. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी या रेघा वेगळ्या ओळखू येतात. ज्यांना लाल आणि हिरवा यातला फरक दिसत नाही (मुलींपेक्षा मुलांत असे बरेच जास्त असतात), त्यांचीही यात सोय होते.

रंगाची दुसरी गंमत अशी की 'आर' रंग नावावरून देत नाही, क्रमावरून देते. जिल्ह्याच्या वर्तुळात कन्नड पहिली, म्हणून ती पांढरी. शेजारी खानापूर तालुक्याचे वर्तुळ काढले आणि तिथे मराठी भाषक जास्त म्हणून मराठी पहिली लिहिली, तर आता मराठी पांढरी! दोन्ही चित्रे शेजारी पाहणारा माणूस पांढरे ते कन्नड असे समजून खानापूरचा अर्थ नेमका उलटा लावील. चित्रे एकापेक्षा अधिक असतील, तेव्हा 'कोल' या सूचनेत रंग स्वतः लिहावेत आणि एका भाषेला सगळीकडे एकच रंग द्यावा.

मुलांना सर्वांत जास्त मोह होतो तो जाड, आडव्या, भाकरीसारख्या दिसणाऱ्या वर्तुळाचा, म्हणजे थ्री-डीचा. 'आर'च्या मूळ आज्ञेत तो प्रकार नाही, एक्सेलमध्ये आहे. संगणक कक्षात हा प्रयोग अवश्य करा. आपले चार आकडे एक्सेलमध्ये याच क्रमाने भरून थ्री-डी वृत्तालेख काढा आणि पहिल्या पाकळीचा कोन २६१ करा. मराठीची पाकळी बरोबर पुढे, आपल्या बाजूला येते आणि तिच्याखाली जाड कडाही दिसते. आता तोच कोन ८१ करा. पाकळी मागे जाते, चेपली जाते, तिची कड दिसेनाशी होते. दोन्ही वेळा आकडा १९ च आहे. एकाही अंकाला हात न लावता मराठी भाषक जास्त दाखवता येतात आणि कमीही दाखवता येतात. आपल्या सीमाभागात भाषेचे आकडे घेऊन सभा होतात, पत्रके निघतात. आपल्या बाजूच्या पत्रकातले चित्रही याच नजरेने पाहायला हवे, हे मी मुद्दाम लिहितो.

मात्र याहून मोठा धोका दिसण्यात नाही, तर बेरजेत आहे. 'पाय' या आज्ञेला तुम्ही कोणतेही आकडे द्या, ती त्यांची बेरीज करून तेच पूर्ण वर्तुळ मानते. उर्दू आणि इतर हे आकडे गाळले आणि फक्त ६८ व १९ दिले, तरी वर्तुळ भरते. त्यात मराठी सुमारे २२ टक्के आणि कन्नड ७८ टक्के दिसते. कुठेही फट राहत नाही, संगणक तक्रार करत नाही.

आठवीच्या वर्गात यावरून चांगली चर्चा झाली. समजा, वर्गात ४० मुले आहेत आणि आपण विचारले, "तुम्हाला कोणकोणत्या भाषा बोलता येतात?" ४० जणांनी मराठी सांगितली, ३१ जणांनी कन्नडही सांगितली, २२ जणांनी हिंदीही. बेरीज झाली ९३. याचा वृत्तालेख काढला, तर मराठीला ४३ टक्के मिळतात. म्हणजे वर्गातले प्रत्येक मूल मराठी बोलते आणि चित्रात मराठी निम्म्याहूनही कमी! आपल्या भागात घरी मराठी, बाजारात कन्नड, मित्रांशी थोडी हिंदी हे रोजचेच आहे. अशा उत्तरांना वर्तुळ चालतच नाही, तिथे स्तंभालेखच हवा. जनगणनेत मातृभाषा प्रत्येकाची एकच नोंदवतात, म्हणून तिचे वर्तुळ होऊ शकते. त्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषांपर्यंत नोंद वेगळी होते. तिचे वर्तुळ कुणी काढले, तर ते चूक.

पूर्ण वर्तुळ म्हणजे कोण, हेही शीर्षकात लिहिले पाहिजे. संपूर्ण कर्नाटकाच्या वर्तुळात मराठीची पाकळी साडेतीन टक्क्यांहून थोडी कमी, म्हणजे जेमतेम १२ अंशांची असते. बेळगाव जिल्ह्याच्या वर्तुळात तीच ६८ अंशांची होते. राज्यात सुमारे २० लाख मराठी भाषक, त्यातले सुमारे ९ लाख या एका जिल्ह्यात. पण दोन्ही वर्तुळे एकाच आकाराची काढली, तर राज्याची ६ कोटी ११ लाख लोकसंख्या आणि जिल्ह्याची पावणेअठ्ठेचाळीस लाख सारखीच वाटते. हा विचार फार जुना आहे. विल्यम प्लेफेअर याने १८०१ साली इंग्लंडमध्ये पहिला वृत्तालेख छापला. त्यात तुर्की साम्राज्याचा आशिया, युरोप व आफ्रिका या खंडांतला वाटा दाखवला होता. त्याच पुस्तकात त्याने देशांची वर्तुळे त्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात लहानमोठी काढली होती. रंग हाताने भरले होते.

निपाणीच्या मुलांनी एक लक्षात ठेवावे. २०११ च्या तालुकावार तक्त्यात निपाणी तालुका सापडणार नाही. तेव्हा निपाणी चिकोडी तालुक्यात होती. जिल्ह्याचे नावही तिथे जुन्या इंग्रजी स्पेलिंगने आहे, बेळगावी हे नाव नोव्हेंबर २०१४ पासून आले. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि पुढची २०२७ साठी जाहीर झाली, त्यामुळे भाषेचे हेच आकडे इतकी वर्षे वापरात राहिले.

शेवटी पुन्हा त्या १९ टक्क्यांकडे येऊ. १९५६ साली राज्य पुनर्रचनेच्या वेळी केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांविषयी एक निवेदन काढले. जिल्ह्यात किंवा तालुका, नगरपालिका अशा लहान भागात अल्पसंख्याक भाषक १५ ते २० टक्के असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध करणे उपयुक्त ठरेल, असे त्यात म्हटले आहे. म्हणून आपल्याला १५ हा आकडा महत्त्वाचा. वर्तुळात १५ टक्के म्हणजे ५४ अंश आणि १९ टक्के म्हणजे ६८ अंश. कोनमापक न लावता यातला फरक सांगा पाहू! मी दहावीच्या वर्गात फळ्यावर दोन्ही काढून विचारले, तर अर्ध्या वर्गाने चूक उत्तर दिले. १९८४ साली क्लीव्हलंड आणि मॅकगिल या अमेरिकी संशोधकांनी प्रयोग करून हेच दाखवले होते. एका रेषेवरून मोजलेली उंची माणसाचा डोळा चांगली ओळखतो, कोन तितका ओळखत नाही. 'आर'च्या मदत-पानावरही वृत्तालेख टाळावा असाच सल्ला आहे. आज्ञा देणारेच ती वापरू नका म्हणतात, याचे मला प्रथम हसू आले होते.

मी इतके टोकाचे म्हणणार नाही. जिल्ह्यात कोणती भाषा किती मोठी, हे एका नजरेत दाखवायला वर्तुळ पुरते. पण १५ च्या वर की खाली, हे दाखवायचे असेल तर 'बारप्लॉट' ही आज्ञा द्यावी आणि 'एबीलाइन' या आज्ञेत 'एच' म्हणजे १५ लिहून एक आडवी रेघ मारावी. मराठीचा स्तंभ त्या रेघेच्या वर गेलेला लहान मुलालाही दिसतो.

त्या नववीच्या मुलीने आता आपल्या तक्त्यावर वर्तुळाच्या खाली असा स्तंभालेख चिकटवला आहे आणि एक्सेलवाल्या मुलाने आपले थ्री-डी चित्र काढून साधे लावले आहे. दोन्ही तक्ते ग्रंथालयाच्या दारापाशी आहेत. ज्यांना आपल्या गल्लीची पाहणी करून असा आलेख काढायचा आहे, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. प्रश्न एकच विचारा : "तुमची मातृभाषा कोणती?" आणि उत्तर न देणाऱ्यांचीही संख्या लिहून आणा, त्यांचीही पाकळी काढायची आहे.