दृढीकरण झालं, आता पुढं

पोरी, बिशपसाहेबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, प्रभुभोजनात तुला वाटा मिळाला, आणि आता तू नोकरीसाठी पुण्याला निघालीस. आपल्याकडं पुष्कळांचा विश्वास याच टप्प्यावर थांबतो. नाव मंडळीच्या वहीत राहतं, नाताळाला नवे कपडे होतात, वय वाढतं, पण आतलं माणूस दृढीकरणाच्या वर्गात होतं तेवढंच राहतं. तुझं तसं होऊ नये म्हणून सांगते.

आधी एक, घाईनं मन मोडून घेऊ नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. एवढी विदुषी, पण धर्म हाती आला तरी ख्रिस्ताची खरी ओळख व्हायची राहिली होती, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी उमगलं, आणि 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी ते उघड लिहिलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत केडगावला बसून त्या हिब्रू-ग्रीकमधून बायबल मराठीत उतरवत होत्या. म्हणजे म्हातारपणीही त्यांचं शिकणं चालूच होतं. तुला आत्ता काही जाणवत नसेल तर भिऊ नकोस, फक्त थांबू नकोस.

फोनवर सकाळी एक वचन येतं, ते वाचून दिवस भागवू नकोस. निवडलेली वचनं बहुतेक गोड असतात, आणि आपल्याला टोचेल ते त्यांत सहसा येत नाही. एक पुस्तक घे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. मार्काचं शुभवर्तमान 16 अध्यायांचं आहे, सुटीच्या दिवशी दुपारी एका बैठकीत मोठ्यानं वाचून होतं. मग फिलिप्पैकरांस पत्र. मग उत्पत्तीकडं वळ. कळलं नाही त्यापुढं पेन्सिलीनं खूण कर आणि पाळकांना विचार. पाळकांना असे प्रश्न फार थोडे लोक विचारतात, त्यांना आनंदच होईल.

प्रार्थनेला बसलीस आणि शब्दच सुचेनात, असं होणारच. तेव्हा स्तोत्रसंहिता उघड. 88 वं स्तोत्र वाच, ते अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. देवापुढं रडणं, भांडणं, जाब विचारणं ही अविश्वासाची लक्षणं असती तर अशी इतकी स्तोत्रं तिथं नसती. मात्र वेळ मोडू नकोस. रात्री पाच मिनिटं का होईना, बस.

आता ज्यासाठी तुला मुद्दाम बसवून घेतलंय ते ऐक. पौलानं गलतीकरांना आत्म्याचं फळ म्हणून नऊ गुण सांगितले. त्यांतले बहुतेक एकटीनं राहून पारखताच येत नाहीत. सहनशीलता आहे की नाही, ते खोलीतल्या मुलीशी दिवा बंद करण्यावरून वाजलं की कळेल. म्हणून तंटा झाला की तिथं जास्त लक्ष दे. मत्तयाच्या 18 व्या अध्यायात येशूनं पहिली पायरी सांगितलीय: ज्यानं दुखवलं त्याच्याकडं एकट्यानं जायचं. आपण हीच पायरी गाळतो. आधी मावशीला सांगतो, मग महिला मंडळात. तिथं तर ‘अमक्या घरासाठी प्रार्थना करा, त्यांच्या मुलाचं असं असं झालंय’ म्हणून दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर येते आणि शेवटी आमेन होतं. हे पाप आहे, पोरी. कुणासाठी प्रार्थना मागायची असेल तर त्याला विचारून माग, नाहीतर नाव न घेता.

आणि एकदा बिघडलं म्हणजे कायमचं बिघडलं असं धरून चालू नकोस. प्रेषितांची कृत्ये काढ, 13 ते 15 अध्याय. मार्क नावाचा तरुण पौल-बर्णबाबरोबर निघाला आणि पंफुल्यातून मध्येच यरुशलेमेला परत गेला. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला त्याला घेऊ, पौल म्हणाला मुळीच नाही. इतकं पेटलं की बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला आणि पौलानं सीलाला घेऊन दुसरी वाट धरली. मग तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय वाच. पौल बंदिवासात आहे, बरेच जण सोडून गेलेत, आणि तो तीमथ्याला सांगतो की येताना मार्काला घेऊन ये, सेवेत त्याचा उपयोग आहे. मधल्या काळात दोघांत काय बोलणं झालं ते लिहिलेलं नाही. पण ज्याला सोबत नको म्हटलं त्यालाच पौलानं बोलावून घेतलं. मला विश्वासात वाढणं म्हणजे काय ते विचारशील, तर मी हा अध्याय दाखवीन.

लग्नाचा विषय लवकरच निघेल. कुणीतरी हळूच जात काढील, ‘त्यांचे आधीचे कोण?’ तू विचारू नकोस, आणि घरातल्या कुणी विचारलं तर गप्प राहू नकोस, मग ते तुझे काका असोत नाहीतर आत्या. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नंतर त्यांच्याकडं राहायला आल्या त्या आपलं सोवळं घेऊन, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एक दिवस त्यांच्या मनानं घेतलं की जात देवानं केली नाही, माणसानं केली, आणि कुणाच्याही हातचं खायचं हे त्यांनी ठरवून टाकलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. त्यांनी आधी पंगतीचा भेद टाकला आणि मग पाणी डोक्यावर घेतलं. आपल्या घरांत बाप्तिस्म्याला पिढ्या उलटल्या, तरी सोयरिकीत भेद टिकून आहे. मला याचं फार दुःख होतं. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ माझ्या कपाटात आहे, जाताना घेऊन जा.

पहिला पगार झाला की खर्च मांडायच्या आधी अर्पणाचा वाटा बाजूला काढ. किती, ते कुणाला सांगू नकोस.

पुण्यात मंडळ्या खूप. गाणं कुठं चांगलं, उपदेश कुठं छोटा, असं बघत दर रविवारी फिरू नकोस. एक धर, आणि तिथली माणसं आवडली नाहीत तरी राहा. इथल्या पाळकांकडून सदस्यत्वाचं पत्र या आठवड्यातच मागून घे. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर तिथल्या पाळकांच्या हातात ते दे, आणि शब्बाथ शाळेत लहान मुलांना शिकवायला कुणी हवंय का ते विचार.